नळ आपोआप का वाहतो? गावात सेन्सर बसवताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शाळेत आम्ही हात न लावता चालणारा नळ बसवला. घरी टेबलावर तो शंभरदा बिनचूक चालला होता. शाळेत मात्र रोज चारच्या सुमारास आपोआप सुरू व्हायचा आणि टाकी रिकामी होईस्तोवर वाहायचा. जिथं उन्हाळ्यात गुंडभर पाण्यासाठी बाया रांगेत उभ्या राहतात, तिथं ते पाणी मातीत जाताना बघून जीव तुटत होता.

दोष उन्हाचा होता. स्वस्तातला अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावर चालणारा) सेन्सर स्वतः सोडलेला प्रकाश तळहातावरून परत आला का, एवढंच बघतो. तोच अवरक्त प्रकाश उन्हातही भरपूर असतो. ऊन कलून पडवीत तिरपं शिरलं, की सेन्सरला हात आल्यासारखं वाटतं. म्हणून त्याचं तोंड खाली वळवा, वर काळ्या पाईपचा बोटभर तुकडा चढवा आणि ३८ किलोहर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणारा प्रकाशच ओळखणारा रिसीव्हर (प्रकाश टिपणारा भाग) घ्या. शिवाय १५ सेकंदांनी नळ बंद झालाच पाहिजे, हात काढून पुन्हा धरेपर्यंत सुरू होता कामा नये. ही मर्यादा मी पहिल्या दिवशी घातली नाही, याची हळहळ अजून आहे.

माणूस आला की दिवा किंवा आवाज सुरू करणारा पीआयआर सेन्सर वापरत असाल, तर मे महिन्यात तपासा. तो अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक टिपतो. भिंत अंगाइतकीच तापली, की समोरून चालणारा माणूस त्याला दिसेनासा होतो. सेन्सर बिघडला समजून आम्ही दोन बदलले. संध्याकाळी जुनाही नीट चालला. अशा जागी साधं बटणच बरं.

बटणाचीही एक खोड असते. एकदा दाबलं तरी दोनदा मोजतं, कारण आतले पत्रे टेकताना थरथरतात. म्हणून पहिल्या दाबानंतर पुढचा मोजण्याआधी प्रोग्राममध्ये ५० मिलिसेकंद थांबा. कापूस वेचणीच्या दिवसांत बोटं कोरडी आणि ओरखडलेली असतात, टचस्क्रीन त्यांना नीट दाद देत नाही. दाराच्या बेलचं मोठं बटण तळहातानंही दाबता येतं.

मुलांसाठी लाकडी ठोकळ्यांत आरएफआयडी चकत्या (जवळ नेल्या की रीडर नावाचं यंत्र रेडिओ लहरींनी ओळखतं त्या) बसवल्या असतील आणि वाचल्या जात नसतील, तर आधी टेबल बघा. शाळेत ते बहुधा लोखंडी असतं आणि धातू रीडरची लहर खातो. रीडरखाली जाड लाकडी फळी ठेवून अंतर वाढवा.

नातीला सोडायला आलेल्या एका आजीनं नळासमोर उभं राहून विचारलं, "हात कुठी धरू रे बाप्पा?" तिथं धरायला, दाबायला काहीच नव्हतं. मग ओट्यावर ऑइलपेंटनं पंजा काढला, हात ओळखला की हिरवा दिवा आणि बारीक 'टिक' असा आवाज दिला. त्यानंतर कोणी विचारलं नाही.

आणि त्या पाईपच्या तुकड्यात कुंभारीण माशी मातीचं घर करते. आठवड्यातून एकदा आत काडी फिरवून बघा.