मॉडेल रेल्वेच्या डब्यातला दिवा लुकलुकू नये म्हणून

डब्यातला दिवा लुकलुकायला लागला की पहिला हात जातो तो वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरकडे. दोष मात्र बहुतेक वेळा चाकांपाशी असतो आणि कपॅसिटर तो नुसता झाकतो. म्हणून आधी चाकं, मग पत्ती (चाकांनी रुळातून घेतलेली वीज दिव्याच्या वायरीला देणारी धातूची पट्टी) आणि सगळ्यात शेवटी सर्किट. खालची मापं एचओ (१:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिमी) डब्यांसाठी आहेत. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालची दोन आसांची चौकट.

प्लास्टिकची चाकं असतील तर ती काढून धातूची बसवा. धातूच्या जोडीत साधारणपणे एका चाकात वीज अडवणारी प्लास्टिकची बुशी असते, दुसरं थेट आसावर बसलेलं असतं. मल्टिमीटर बझरवर ठेवा, एक टोक आसाला, दुसरं चाकाला. वाजेल ते जिवंत चाक. दोन्ही चाकं मुकी निघाली तर ती जोडी या कामाची नाही. पहिल्या बोगीतली दोन्ही जिवंत चाकं डाव्या रुळावर, दुसऱ्या बोगीतली दोन्ही उजव्या रुळावर येऊ द्या. एक जरी आस उलटा बसला तरी पत्तीतून दोन्ही रूळ जोडले जातात आणि डबा रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट होतो.

पत्ती चाकाच्या पाठीवर घासण्यापेक्षा आसावर घासलेली बरी. आस साधारण २ मिमी जाडीचा, म्हणजे घर्षण केंद्रापासून १ मिमीवर होतं. चाकाच्या पाठीवर ते ४ मिमीवर होतं. दाब तेवढाच असला तरी पत्तीची अडवणूक चौपट होते. एका डब्यात हे जाणवत नाही, आठ डब्यांत मात्र चढावर इंजिनाची चाकं जागीच फिरू लागतात.

पत्तीसाठी ०.१५ मिमी जाड, २ मिमी रुंद फॉस्फर ब्रॉन्झ घ्या. साधं पितळ नको, त्याची स्प्रिंग लवकर मरते. तांब्याचा थर असलेल्या पीसीबीचा (सर्किट बोर्डाचा) ५ × ८ मिमी तुकडा कापा, त्यावर पत्ती मधोमध सोल्डर करा, बारीक लवचीक वायरही तिथेच जोडा. हे सगळं बोगीबाहेर करायचं. तुकडा आधी चिकटवून मग सोल्डरिंग केलं तर बोगीचं प्लास्टिक वितळतं. गार झाल्यावर तो दोन आसांच्या मधे चिकटवा आणि पत्तीची दोन्ही टोकं एकेका आसावर जेमतेम टेकतील अशी वाकवा. बोटाने ढकललेलं चाक पत्ती लावल्यावरही दोन-तीन फेऱ्या सहज फिरलं पाहिजे. लगेच थांबलं तर दाब जास्त आहे.

बोगी जिच्याभोवती वळते त्या खिळीजवळून वायर वर न्या आणि १५ मिमी ढील ठेवा. दिवा फक्त वळणावरच लुकलुकत असेल तर ही वायर ताणली जातेय किंवा पत्ती आसावरून सरकतेय.

आता सर्किट. दोन वायरी ब्रिज रेक्टिफायरच्या (उलटसुलट वीज एकाच दिशेला वळवणाऱ्या भागाच्या) एसी टोकांना जोडा, म्हणजे डबा कुठल्याही दिशेने ठेवला तरी चालेल. डीसीसीवर (डिजिटल कमांड कंट्रोल, यात गाडी थांबली तरी रुळांत पूर्ण वीज असते) रुळांत साधारण १४ ते १५ व्होल्ट असतात, रेक्टिफायरमध्ये १.४ जातात, उरतात सुमारे १३. १२ व्होल्टची एलईडी पट्टी थेट जोडली तर डबा कंदिलासारखा भगभगतो. मधे १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. पूर्ण पट्टीला सुमारे ४ मिलिअँपिअर मिळतात आणि रात्रीच्या डब्याला तेवढा उजेड पुरतो. रेझिस्टरच्या आधी, प्लस-मायनसला समांतर, ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावा. पाव सेकंद संपर्क तुटला तरी मग दिवा विझत नाही.

कपॅसिटरच्या वाटेत १०० ओहमचा रेझिस्टर हवाच. रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो, आणि दहा डबे एकदम चार्ज होऊ लागले की बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा डबा नव्हे, तर खोका) ट्रिप होतो. गाडी लांब असेल तर २२० ओहम घाला. या रेझिस्टरला समांतर डायोड लावण्याची पद्धत आहे, पण ४ मिलिअँपिअरला १०० ओहमवर जेमतेम ०.४ व्होल्ट पडतात, तेव्हा तो वगळला तरी चालतो.

साध्या डीसीवर (जिथे रुळांतले व्होल्ट कमी-जास्त करून वेग बदलतात) उजेड गाडीच्या वेगाबरोबर कमी-जास्त होतो आणि गाडी थांबली की कपॅसिटर रिकामा होऊन दिवा विझतो. त्याला पत्ती काही करू शकत नाही.

दिवा ठरावीक जागीच विझत असेल तर रूळ तपासा. सांध्यातल्या (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथल्या) प्लास्टिकच्या भागावर एका बोगीची दोन्ही जिवंत चाकं एकाच वेळी आली की त्या बाजूची वीज तुटते. अशा मांडणीत दुसऱ्या बोगीतल्या, त्याच रुळावरच्या बुशीच्या चाकांच्या पाठीला ०.३ मिमी फॉस्फर ब्रॉन्झची तार टेकवा आणि तिची वायर पहिल्या बोगीच्या वायरीला जोडा. मात्र ही तार त्या बोगीच्या आसाला किंवा पत्तीला शिवता कामा नये.

सगळीकडेच लुकलुकत असेल तर चाकांवरचा काळा थर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. कानस लावू नका; ओरखड्यांत घाण लवकर साचते. आणि पत्ती टेकते तिथे तेलाचा थेंबही नको.