चित्त्याच्या तोंडी डरकाळी नको
रोलप्लेसाठी, म्हणजे पात्र होऊन फाशांवर खेळायच्या खेळासाठी, मार्जारकुळातलं पात्र रचताना नाव आणि शस्त्र नंतर शोधा, आधी त्याची उणीव ठरवा. ग्वाल्हेरला आमच्या रविवारच्या डावात एकाने चित्ता-योद्धा आणला. डरकाळ्या काय फोडत होता, कोसभर धावत काय होता! कुनोचं जंगल आपल्याच भागात, २०२२ साली नामिबियातून ८ चित्ते तिथेच आले. निदान इथे तरी हे चालायला नको.

चित्त्याला डरकाळी येत नाही. तो मांजरासारखा घुरघुरतो, पाखरासारखा चिवचिवतो. दौड जेमतेम काहीशे मीटरची, मग नुसती धाप. म्हणून आम्ही नियम केला: तीन फेऱ्या वेग, चौथ्या फेरीत फासे हातात घ्यायचेच नाहीत. तेवढ्यात तरस त्याची शिकार पळवतो, आणि पात्राला आयतं वैर मिळतं.

बिबट्या शिकार झाडावर नेऊन ठेवतो, तेव्हा तो संशयी, साठवणारा. सिंह कळपातला, वाघ एकटा. टोळीतलं वागणं त्यावरून ठरवा. वाघाच्या कानांमागे पांढरे ठिपके असतात. माझ्या वाघिणीला मी त्यांचेच डोळे दिलेत, मागून येणाऱ्यावर नजर ठेवणारे.