मुलाचा ताबा मुद्रांकावर ठरत नाही

बीड-जालना भागात अजूनही पाहुणेमंडळींसमोर मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून ‘मूल बापाकडे राहील’ असे ठरवले जाते. परंतु नोटरीचा शिक्का असला तरी अशा कागदाने हिंदू विवाह संपत नाही (जातीची रूढी न्यायालयात सिद्ध झाली, तर गोष्ट वेगळी) आणि मुलाचे हित पाहून न्यायालय त्यातील ताब्याची अट बाजूला सारू शकते. 5 वर्षांखालील मूल तर सर्वसाधारणपणे आईकडेच राहते. तरीही लेखी समझोता जरूर करावा व तो परस्परसंमतीच्या घटस्फोटाच्या अर्जासोबत न्यायालयात दाखल करावा. त्यात नुसते ‘भेटू द्यावे’ असे न लिहिता दिवाळीची सुटी कोणाकडे, शाळेचा दाखला कोण काढणार, एक पालक ऊसतोडीला गेल्यावर मूल कोणाजवळ, हे तपशिलाने मांडावे. मुलाची पोटगी सोडून दिल्याचे वाक्य मात्र घालू नये; ते टिकत नाही.