दमा असलेल्या मुलाची अ‍ॅलर्जी टेस्ट: तयारी आणि रिपोर्ट

टेस्टच्या आधी दोन-तीन आठवडे एक वही ठेवा. खोकला, शिंका, छातीतली घरघर नेमकी कधी सुरू होते ते तारीखवार लिहा: अंथरुणात पडल्यावर, झाडलोट चालू असताना, मांजर जवळ आल्यावर की ठरावीक ऋतूतच? कशाकशाची टेस्ट करायची हे डॉक्टर यावरून ठरवतात. सरसकट मोठं पॅनेल (एकदम अनेक गोष्टींची टेस्ट) केलं तर संबंध नसलेल्या गोष्टीही पॉझिटिव्ह येतात आणि मुलाचं खाणं विनाकारण तोडलं जातं.

स्किन प्रिक टेस्टच्या (त्वचेवर टोचून करायच्या अ‍ॅलर्जी टेस्टच्या) साधारण सात दिवस आधी, डॉक्टरांना विचारून, अँटीहिस्टामिन (अ‍ॅलर्जी दाबणारं औषध) बंद करावं लागतं. इथेच बहुतेकांची गफलत होते. सेटिरिझिन लक्षात राहतं, पण सर्दी-खोकल्याच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन आणि माँटेलुकास्टच्या (दमा-अ‍ॅलर्जीच्या एका औषधाच्या) गोळीत मिसळलेलं लेव्होसेटिरिझिन निसटतं. नुसतं माँटेलुकास्ट चालतं. दम्याचा इनहेलर मात्र एक दिवसही बंद करू नका. त्याने टेस्टमध्ये काही बिघडत नाही. त्या दिवशी धाप किंवा घरघर असेल तर टेस्ट पुढे ढकला.

हातावर किंवा पाठीवर संशयित गोष्टींच्या अर्काचे थेंब, आणि तुलनेसाठी सलाइन व हिस्टामिनचा एकेक थेंब ठेवून हलकेच टोचतात. रक्त येत नाही. १५ ते २० मिनिटांनी गांध मोजतात. सलाइनच्या थेंबापेक्षा गांध किमान ३ मिलिमीटर मोठी असेल तर पॉझिटिव्ह. हिस्टामिनच्या थेंबाला गांध यायलाच हवी; तीही आली नसेल, तर औषधाचा असर उरलाय असं समजा. त्या दिवशीचं निगेटिव्ह ग्राह्य धरू नका. अंगभर एक्झिमा असेल किंवा औषध थांबवणं शक्य नसेल, तर रक्तातलं स्पेसिफिक आयजीई (त्या-त्या गोष्टीविरुद्धची अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी) तपासतात. नुसतं टोटल आयजीई जंतांमुळेही वाढतं. अन्नाच्या आयजीजी (दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी) टेस्टवर तर पैसे घालवूच नका.

पॉझिटिव्ह म्हणजे शरीर त्या गोष्टीला संवेदनशील आहे, इतकंच. वहीतल्या नोंदींशी जुळलं तरच तिला दम्याचं कारण धरायचं. धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म किडे) निघाले तर उशी-गादीला माइट-प्रूफ खोळी घाला, चादरी दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, खोलीतली ओल कमी करा. एकच उपाय करून सहसा फरक पडत नाही, सगळे एकत्र करा. मांजर घरातून हलवलं तरी त्याचे अ‍ॅलर्जन (अ‍ॅलर्जी आणणारे कण) गाद्या-पडद्यांत काही महिने टिकतात, त्यामुळे फायदा लगेच दिसत नाही. तोवर आणि त्यानंतरही इनहेलरचा डोस डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कमी करू नका.