नीतिशास्त्राचे सिद्धांत प्रत्यक्ष प्रसंगाला लावताना या चुका टाळा

नीतिशास्त्राच्या पहिल्या पायरीवर व्याख्या सहसा चुकत नाहीत. बेंथमचं सुख, कांटचं कर्तव्य, अ‍ॅरिस्टॉटलचा सद्गुण हे सगळं पाठ असतं. गाडी अडते ती खरा प्रसंग समोर आल्यावर. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं धुमसणारा एक प्रसंग घेऊ. जनरेटरवर चालणारे प्रखर एलईडी दिवे लावायचे, उजेडाला मासा गोळा झाला की भोवती पर्ससीनचं जाळं फिरवायचं आणि खालून आवळायचं. केंद्र सरकारने २०१७ मध्ये या मासेमारीवर बंदी घातली, वाद मात्र मिटलेला नाही. प्रश्न एवढाच: नौकामालकाने दिवे लावावेत का?

‘बंदी आहे, म्हणजे अनैतिक’

इथेच अर्धे लोक पेन खाली ठेवतात. मग बंदीच्या आदल्या दिवशी तेच काम योग्य होतं का? कायदा पाळण्यामागे नैतिक कारण असू शकतं, पण ते वेगळं मांडावं लागतं. ‘दिव्याखाली लहान मासाही सापडतो, म्हणून दिवे लावू नयेत’ हा युक्तिवादही अर्धाच आहे. नुसत्या ‘आहे’वरून ‘असावं’ निघत नाही, हे तत्त्वज्ञ ह्यूमने १७३९-४० मध्येच दाखवलं होतं. मधलं गाळलेलं वाक्य शोधून कागदावर उतरवा: ‘पुढच्या हंगामाचा मासा आजच संपवण्याचा हक्क कुणालाही नाही.’ खरा वाद या वाक्याशी आहे, तेव्हा समर्थन त्याचं करा.

कुठलाही सिद्धांत हातात घेण्याआधी चार गोष्टी लिहून काढा: परिणाम कुणाकुणावर होणार (मालक, नौका चालवणारा तांडेल, खलाशी, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर, मासळी विकणाऱ्या बायका), कोणती माहिती पक्की आणि कोणती गृहीत धरलेली, कमीत कमी तीन पर्याय, आणि आधीच कुणाला दिलेली वचनं. बहुतेक फसलेल्या उत्तरांत तिसरा मुद्दाच नसतो. त्याचा फटका पुढे बसतो.

उपयुक्ततावाद म्हणजे हात वर करून मतदान नव्हे

सगळ्यांच्या सुखदुःखाची बेरीज ज्यात सर्वांत जास्त, तो पर्याय योग्य, हा बेंथमचा उपयुक्ततावाद. आकडे मानीव आहेत, पण हिशोब करून पाहा. नौकेवर ३० माणसं, दिवे लावले तर प्रत्येकाचा फायदा १० एकक. किनाऱ्यावर ८० रापणकर, प्रत्येकाचा तोटा ३ एकक. मतदान घेतलं तर ३० विरुद्ध ८०, दिवे विझले. बेरीज केली तर ३०० वजा २४०, म्हणजे ६० एकक शिल्लक, दिवे लागले. एकाच प्रसंगातून दोन उलटी उत्तरं निघाली, कारण बेंथमला डोकी मोजायची नव्हती. १७८९ च्या ग्रंथात त्याने सुखाची सात मापं दिली: तीव्रता, कालावधी, निश्चितता, जवळीक, त्यातून पुढे आणखी सुख निघेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि ते किती जणांपर्यंत पोचतं. माणसांची संख्या हे त्यातलं फक्त शेवटचं माप.

मग ६० एकक शिल्लक आहेत म्हणून दिवे लावायचे का? नाही. सर्वांत जास्त वेळा होणारी चूक हीच: एकाच पर्यायाची बेरीज शून्याच्या वर आली की तो पास करायचा. तुलना शून्याशी नसते, दुसऱ्या पर्यायांशी असते. दिव्यांशिवाय जाळं टाकलं आणि प्रत्येकाला ६ एकक मिळाले, रापणकरांचा तोटा शून्य, तर बेरीज १८०. दिवे हरले. यात पुढच्या वर्षीचे बांगडे आणि तारली अजून धरलेलीच नाहीत. ती धरताना निश्चिततेचं माप लावा. ‘मासा संपेल’ असं ठोकून देऊ नका. शक्यता किती आणि नुकसान केवढं, हे वेगवेगळं लिहा.

मालकाने स्वतःचाच फायदा मोजला तर तो स्वार्थवाद. उपयुक्ततावादात मालकाचं एक एकक आणि अनोळखी रापणकराचं एक एकक यांचं वजन सारखंच.

कांटच्या तोंडी परिणाम घालणं

कर्नाटकातला आंबा ‘देवगड हापूस’ छापलेल्या पेटीत भरून विकणाऱ्याचं उदाहरण घ्या. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी ही तक्रार ऐकू येतेच. ठरलेलं चुकीचं उत्तर: ‘सगळ्यांनी असं केलं तर बागायतदारांचं नुकसान होईल, म्हणून कांट याला चूक म्हणतो.’ हा कांट नव्हे, हा परिणामांचाच हिशोब.

कांटची १७८५ मधली कसोटी वेगळी आहे: तुमचा नियम सगळ्यांनीच पाळला तरी तो टिकतो का, हे पाहायचं. सगळेच तसा छाप मारू लागले, तर छापावर कुणी विश्वास ठेवणार नाही. विश्वास नाही तर चढा भाव नाही, आणि चढ्या भावासाठीच तर छाप मारला होता. नियम सार्वत्रिक केला की ज्या आधारावर तो चालतो तो आधारच नाहीसा होतो. कुणाचं नुकसान झालं नाही तरी ही विसंगती उरतेच.

कसोटी उलटसुलट निकाल देऊ लागली, तर बिघाड बहुधा नियमाच्या शब्दांत असतो. ‘ज्याची नौका निळी आहे आणि ज्याचं कर्ज मार्चमध्ये फिटायचं आहे त्याने दिवे लावावेत’ असा नियम केला तर काहीही पास होईल. ‘मासे पकडावेत’ एवढंच लिहिलं तर कसोटीला धरायला काही उरत नाही. नियमात कृती, परिस्थिती आणि हेतू हे तीन भाग हवेत, आणि हेतू खरा हवा: ‘इतरांनी बंदी पाळल्यामुळे उरलेला मासा मी बंदी मोडून उचलेन.’ आता सार्वत्रिक करून पाहा. सगळ्यांनीच मोडली, तर इतरांमुळे उरलेला मासा कुठून येणार?

कांटचं दुसरं सूत्र माणसाला ‘केवळ साधन’ म्हणून वापरू नका असं सांगतं. ‘केवळ’ गाळलं की आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी गुरखा ठेवणंही अनैतिक ठरेल. ठरलेला पगार देऊन, कामाची खरी माहिती सांगून ठेवलेला गुरखा त्यात येत नाही. तो निघून जाऊ नये म्हणून पगार दाबून ठेवला की येतो.

मध्य म्हणजे सरासरी नव्हे

अ‍ॅरिस्टॉटलचा मध्य वाचून ‘थोडे दिवे लावावेत’ असं लिहिणारेही असतात! सद्गुण दोन टोकांच्या मध्ये असतो, जसं शौर्य हे भ्याडपणा आणि बेदरकारपणाच्या मध्ये, एवढाच त्याचा अर्थ. बंदरावर खराब हवेचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागलेला असताना अर्ध्या वाटेपर्यंत नौका नेणं म्हणजे शौर्य नव्हे. किती भीती योग्य हे प्रसंग, नौका आणि खलाशी पाहून ठरतं, आणि ते ओळखायला अनुभवी तांडेलाकडे असतं तसं व्यावहारिक शहाणपण लागतं. चोरी आणि खून यांना तर मध्यच नसतो, असं अ‍ॅरिस्टॉटल स्पष्ट म्हणतो.

‘ज्याची त्याची रीत’

रीती वेगवेगळ्या आहेत, हे वस्तुस्थितीचं विधान. म्हणून कोणतीच रीत चूक नाही, ही उडी. गावकीने एखाद्या घराला वाळीत टाकणं हीही रीतच होती, आणि महाराष्ट्राने २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा केला. कट्टर सापेक्षतावाद्याला, म्हणजे चूक-बरोबर ज्या त्या समाजाच्या रीतीवरच ठरतं असं मानणाऱ्याला, या सुधारणेला ‘सुधारणा’ म्हणता येत नाही, फक्त ‘बदल’ म्हणता येतं. तुमच्या उत्तरात हे दोन्ही शब्द येत असतील, तर कुठला ठेवायचा ते ठरवा.

सिद्धांतांची उत्तरं जुळत नसतील तर

तीन सिद्धांतांचे तीन परिच्छेद लिहून ‘सर्वांचा समन्वय साधावा’ म्हणणं ही पळवाट आहे. तत्त्वज्ञ डब्ल्यू. डी. रॉसने १९३० मध्ये यावर कामाची वाट दाखवली. शब्द पाळणं, हानी न करणं, उपकार फेडणं अशी अनेक प्रथमदर्शनी कर्तव्यं असतात. ती आपसांत भिडली की त्या प्रसंगात कोणतं भारी हे कारणासह ठरवायचं. पण हरलेलं कर्तव्य पुसलं जात नाही. मालकाने खलाशांना हंगामभर अमुक वाटा देण्याचा शब्द दिला होता आणि आता दिवे न लावल्यामुळे तो कमी पडणार असेल, तर भरपाईचं देणं उरतं. उत्तरात त्या भरपाईची रक्कम, मुदत आणि ती कुणाच्या वाट्यातून जाणार हे लिहा.