छोटी फाईल उघडते, मोठी अडकते

ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर एनएफएसचा (नेटवर्कवरून सर्व्हरवरच्या फाइली वापरायची सोय) शेअर माउंट व्हायचा, म्हणजे जोडला जायचा, फोल्डर दिसायचं, दोन ओळींची फाईलही चटकन उघडायची. पण मोठी फाईल कॉपी करायला घेतली की टर्मिनल जागच्या जागी थांबायचं. कर्नलच्या लॉगमध्ये तीच ओळ पुन्हा पुन्हा: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू.

दीड दिवस मी सर्व्हरच्याच मागे होतो. डिस्क, थ्रेड, फायरवॉल, सगळं ठीक. माउंटचा 'हार्ड' पर्याय काढून 'सॉफ्ट' लाव, असंही कुणी सुचवलं. ते मी ऐकलं नाही. हार्डमध्ये उत्तर येईपर्यंत प्रयत्न चालू राहतात; सॉफ्टमध्ये वेळ संपली की प्रोग्रामला थेट एरर जाते आणि लिहिणं अर्धवट राहून फाईल खराब होऊ शकते. लोकांच्या रोजच्या कामाच्या फाइली होत्या त्या.

उलगडा पिंगने झाला, म्हणजे दुसऱ्या मशीनला पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघून. साधं पिंग व्यवस्थित. मग पॅकेटचे तुकडे न करण्याचा पर्याय देऊन ८९७२ बाइटचं पिंग पाठवलं (हेडरचे २८ धरून ९०००), तर एकही उत्तर नाही. १४७२ ला मात्र लगेच. क्लायंट आणि सर्व्हर, दोन्हींचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० होता. मधला स्विच आदल्या आठवड्यात बदललेला, आणि नव्यावर जंबो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेट वाहून नेणाऱ्या फ्रेम) बंद. असा स्विच मोठी फ्रेम गुपचूप टाकून देतो, पाठवणाऱ्याला काहीच कळवत नाही. म्हणून छोटी फाईल यायची, मोठी यायची नाही.

स्विचवर जंबो फ्रेम चालू केल्या. अडकलेली कॉपी थोड्या वेळात आपोआप पुढे सरकली. माउंट काढून पुन्हा लावावाही लागला नाही.