तोंड सारखं कोरडं पडतंय? हे करून बघा
मुंबईच्या दमट हवेतही तोंड कोरडं पडत असेल तर नुसतं पाणी कमी पडतंय असं समजू नका, बऱ्याचदा कारण गोळ्यांत असतं, ॲलर्जीच्या, बीपीच्या, डिप्रेशनच्या, पण म्हणून गोळी मनाने बंद करू नका हां, डॉक्टरांना विचारा. लोकलमध्ये बाटली जवळ ठेवा, घोट घोट प्या. शुगरफ्री च्युइंगम चघळलं की लाळ सुटते, कटिंगवर कटिंग आणि तंबाखू मात्र नको. लाळ कमी झाली की दात पटापट किडतात, मला याचीच जास्त काळजी वाटते, त्यामुळे फ्लोराइडवाली पेस्ट दोनदा, अल्कोहोलवाला माउथवॉश अजिबात नाही. तहान आणि लघवीपण वाढली असेल तर शुगर तपासा. दात दाखवायला मुंबई सेंट्रलला नायरचं डेंटल कॉलेज आहे.